मधला व्हॉल

फेब्रुवारीतला दुसरा शनिवार. बँकेला सुट्टी, कॉलेजला सुट्टी, मी शाळेतून हक्काची रजा घेतलेली. हजर: मी, यजमान, धाकटे दीर, जाऊबाई, सासूबाई, माझा मुलगा (वय आठ) आणि दिरांची मुलगी (वय सात). माणसं सात, गाडी एक. दोन गाड्या होत्या, पण दोन्ही भावांना एकीतच कोंबायचं मी ठरवलं होतं.

अफजलपूरच्या कडेला आमची दोन घरं शेजारी शेजारी. मागं दोघांचा ऊस आणि उसाच्या मधोमध सामाईक विहीर. मोटार एक, पाइप एक आणि पुढं मध्यावर एक व्हॉल. डावीकडं फिरवला की पाणी आमच्या उसाला, उजवीकडं फिरवला की दिरांच्या. पाळी दिवसाआड. तरी दिवाळीपासून दोघांचाही ऊस सुकायला लागला होता आणि दोघांचाही संशय एकमेकांवर. यजमान कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात, दीर बँकेत मॅनेजर. दिवसभर लोकांना समजावून सांगणारी ही दोन माणसं घरी आली की पोरांच्या तोंडून निरोप पाठवायची. पोरांनीही लवकरच निरोपामागं एक चॉकलेट असा नियम केला.

शेवटी दिरांनी विहिरीपासून वीस पावलांवर स्वतःची बोअर पाडायचं ठरवलं. बोअरची गाडी सोमवारी येणार होती. इतक्या जवळ बोअर पडली तर विहीर आटणार, हे दोघांनाही कळत होतं. सासूबाईंनी त्यांच्या परीनं सांगून टाकलं, "हीर आटली की मी सोलापूरला लेकीकडं चालले. बॅग भरून ठिवलीय." बॅग खरंच भरलेली होती. मी उघडून पाहिली. वरच अडकित्ता होता. अडकित्ता घेऊन बाई निघाली म्हणजे परत यायचा विचार नाही.

म्हणून ही सहल. यादीत मी तीन कामं लिहिली: पोरांना गुलबर्ग्याचं विज्ञानाचं खेळसंग्रहालय दाखवणे, सासूबाईंच्या चष्म्याची काडी बदलणे, कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरपूर नेणे. चौथं काम, बोअर थांबवणे, लिहिलं नाही. माझी यादी यजमान वाचतात.

गाडीत यजमान पुढं बसले, दीर मागं. दीड तासात दोघांनी मिळून एकच वाक्य उच्चारलं, तेही म्हशीला.

संग्रहालयाच्या दारावर तीन भाषांत पाटी होती: सगळ्या वस्तूंना हात लावा. सासूबाई थबकल्या. "हात लावा म्हणायलेत, म्हंजी आधीच कुणीतरी मोडून ठिवलं असंल."

पोरांना आरसे दाखवले, आवाजाच्या नळ्या दाखवल्या. ती रमली पाण्याच्या टेबलापाशी. वर टाकी, हातानं मारायचा पंप, मध्ये एक दांडी. दांडी वळवाल तिकडच्या पाटात पाणी जातं आणि त्या बाजूचं चाक फिरतं. तिथल्या मुलीनं कन्नडमध्ये हे नीट समजावलं. माझ्या मुलाला समजावून घ्यायची गरज नव्हती.

"ह्यो आपला व्हॉल," तो बहिणीला म्हणाला. "आज तुझी पाळी. तू बँकेत जा."

ती खांबामागं जाऊन उभी राहिली. यानं लगेच दांडी आपल्याकडं वळवली. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "मम्मी, तू तिथं उभी राहा. कपडे काढ."

"कुठले कपडे?"

"गच्चीवरचे. रोज काढतीस की. काकाची गाडी दिसली की 'दूध उतू चाललंय' म्हणून वरड. मग मी व्हॉल परत फिरवतो."

मी पर्स उघडून रुमाल शोधायला लागले. दीर माझ्याकडं बघत होते. यजमान छताकडं बघत होते, आणि छतावर बघण्यासारखं काहीही नव्हतं.

तेवढ्यात पुतणी खांबामागून आली. "आता तुझी पाळी. तू कॉलेजला जा." तो गेला. तिनं दांडी वळवली आणि आईचा पदर ओढला. "मम्मी, तू दारात रांगोळी काढ. लवकर संपवू नकोस हां. मोठेपप्पा कायतरी विसरून परत येतेत."

जाऊबाई खाली बसल्या. रांगोळी काढायला नव्हे, लेकीचं तोंड दाबायला.

आधी हसल्या सासूबाई. मुलांच्या बुटक्या स्टुलावर बसून, चष्मा काढून, पोट धरून. मग डोळे पुसत म्हणाल्या, "याची पाळी असली की तू चोरायलास, तुझी असली की हा चोरायलाय. म्हंजी पाणी उसाच्या टोकाला पोचायच्या आधीच व्हॉल फिरायलाय, दोघांचा बी ऊस वाळायलाय की रे! आन् बोअर कामून पाडायलात?"

"अण्णा," दीर म्हणाले. दिवाळीनंतरची ही पहिली हाक. "वैनीचं दूध दिवसाआड सांजच्याला उतू जातंय, मला वाटलं गॅस बिघडलाय."

"आणि मला वाटलं तुझ्या बायकोनं काही व्रत धरलंय," यजमान म्हणाले. "तासभर रांगोळी! मी कॉलेजात कौतुक केलं तिचं."

मग दोघंही टेबलावर वाकले. दांडी बरोबर मध्यावर ठेवली तर काय होतं, हे त्यांना बघायचं होतं. दोन्ही पाटांत धार सुटली आणि एकही चाक फिरलं नाही. यजमानांनी पंप मारला, दिरांनी दांडी धरली, मागं पोरांची रांग लागली. शेवटी त्या मुलीनं नम्रपणे सांगितलं की हे टेबल बारा वर्षांखालच्यांसाठी आहे. दोघं हात पुसत बाजूला झाले.

बाहेर लिंबाखाली भाकरी सोडल्यावर सासूबाईंनी दिरांपुढं ताटलीऐवजी फोन धरला. दिरांनी बोअरवाल्याला फोन लावला. "नक्को भाई, गाडी मत लाओ. हां, घर का मामला है." मगच त्यांना भाकरी मिळाली. चष्म्याची काडी येताना बदलली, अडकित्ता बॅगेतून बाहेर आला.

रविवारी मी पाळीचा तक्ता केला. सोम-मंगळ-बुध आम्ही, गुरू-शुक्र-शनी दीर. खाली चौघांच्या सह्या घेतल्या आणि तक्ता मोटारीच्या खोलीत चिकटवला. राहिला रविवार. यजमान म्हणतात, मी थोरला. दीर म्हणतात, माझा ऊस उंचावर, पाणी चढायला वेळ लागतो. रविवारी दोघंही घरीच असतात आणि दिवसभर एकमेकांच्या दारावर लक्ष ठेवून असतात. तो रकाना अजून भरायचा आहे.