वरचा एक डॉलर

मार्तंड गुरुजींच्या गुडघ्यांनी संप केलाय, पण गुरुजी काही स्वस्थ बसत नाहीत. भिंत धरून खिडकी ते दार, दार ते खिडकी येरझाऱ्या चालूच. मुलुंडच्या गव्हाणपाड्यात, लिफ्ट नसलेल्या आमच्या इमारतीत ते बरोबर माझ्या डोक्यावर राहतात. त्यामुळे त्यांची घालमेल मला छतातून ऐकू येते.

जिने उतरणं बंद झालं तेव्हा त्यांनी परदेशातल्या यजमानांच्या पूजा टॅबवरून सांगायला सुरुवात केली. जन्मभर मांडी ठोकून बसलेला माणूस खुर्चीतून "उजव्या हातात पाणी घ्या" म्हणू लागला. कामं मिळत होती. पण मुलगा हर्षद पुण्याहून बजावायचा, "बाबा, दिवाळीपर्यंत घरभाडं तुमच्या कमाईतून सुटलं तर राहा. नाहीतर घर सोडा आणि आमच्याकडे या." मुलगा वाईट नाही. पण मुलाच्या घरी पाहुण्यासारखं म्हातारपण काढायच्या नुसत्या कल्पनेने गुरुजींची अन्नावरची वासना उडाली होती.

श्रावणात अमेरिकेतल्या मिहिर नावाच्या यजमानाकडे सत्यनारायण झाला. मिहिर धरून तिघे भाऊ पूजेला होते. गुरुजींनी ठासून सांगितलं, "दक्षिणा ज्याची त्याने आपल्या हाताने द्यायची." पोरं गुणी. तिघांनी आपापल्या खात्यातून एकवीस-एकवीस डॉलर वेगवेगळे पाठवले. तिन्ही वेळा वाटेतल्या बँकेने हात मारला, तिन्ही वेळा इथल्या बँकेनेही. निम्मेही पोचले नाहीत. मिहिरने फोनवर विचारलं, "पोचली ना गुरुजी?" गुरुजी म्हणाले, "पोचली, पोचली. कल्याणमस्तु."

मी निवृत्त बँकवाली, म्हणून गुरुजींच्या पत्नी वसुधावहिनींनी मला वर बोलावलं. तो हिशेब पाहून माझं डोकंच सणकलं.

"अहो, सांगायचं ना त्याला!"

"शुभाताई, दक्षिणा कमी पोचली म्हणून सांगू? भिक्षुक आहे मी, वसुलीवाला नाही."

मी त्यांना उपाय सांगितला. असं एक ॲप आहे की त्यात आपल्या नावाने अमेरिकेतल्या खात्याचा नंबर मिळतो. मिहिरने सगळ्यांचे मिळून पैसे तिकडच्या तिकडे त्यात भरायचे. इथे रुपये होऊन येतात, आणि किती कापणार ते आधीच कळतं. गुरुजींना पटलं. मी तिथेच बसून अर्ज भरायला घेतला. पॅन झालं, पत्ता झाला, मग प्रश्न आला: पैसे कशाचे? यादीत दक्षिणा नव्हती.

"देणगी लिहा," गुरुजी म्हणाले.

"छे! परदेशातून धर्माच्या नावाने देणगी म्हणजे सरकारी परवानग्यांचं नसतं लचांड. कामाचा मोबदला लिहायचा. आणि दर वेळी बिल पाठवायचं, आकडा घालून."

"बिल?" गुरुजी ताडकन उठले आणि गुडघा धरून कळवळले. "जन्मात कुणाला आकडा सांगितला नाही. यजमान देईल ती दक्षिणा. मी काय प्लंबर आहे?"

मी टॅब मिटून खाली आले. दोन दिवस डोक्यावर नुसती पावलं. तिसऱ्या दिवशी वहिनींनी पुन्हा बोलावलं. गुरुजी खिडकीशी पाठमोरे उभे होते.

"मला पुण्याला नाही जायचं," वहिनी त्यांच्या पाठीला म्हणाल्या. एवढंच.

मग गुरुजींनी मान न वळवता सांगितलं, "लिहा. शंभर."

मिहिरच्या नव्या घराच्या पूजेचं ते पहिलं बिल. पैसे सांगितल्या दिवशी आले, सांगितलं होतं तेवढंच कापून. अशी महिन्याला चार कामं झाली की भाडं सुटत होतं. गुरुजींनी स्वतः हर्षदला फोन लावला, "आम्ही इथेच आहोत रे." वहिनींनी शिरा केला. मला वाटलं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पावलं. मी तणतणत वर गेले.

"आता काय झालं?"

"मिहिरने शंभरच दिले हो, ताई."

"बिलच शंभराचं होतं!"

"तेच म्हणतोय. आजवर मला नुसते शंभर कुणी दिले नव्हते. अकरा दिले, एकवीस दिले, एकशे एक दिले. वरचा एक असायचाच." त्यांनी टॅब माझ्यापुढे सरकवला. "पुढच्या बिलात एकशे एक लिहा."

वहिनी वाती वळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "अहो, वरचा एक आपण मागायचा नसतो."

गुरुजी खुर्चीत बसले. पुढचं बिल मी शंभराचंच पाठवलं.