कठडा ढकलायला कळमेश्वरला

नागपूरला लोक संत्री खायला जातात. मी कठडा ढकलायला गेले. पुलाच्या कडेचा काँक्रीटचा कठडा कारखान्यात ओतायचा आणि पुलावर नेऊन बोल्टांनी जोडायचा, असा आमचा प्रकार. त्या जोडाचं डिझाइन माझं, आणि आडवा जोर लावून त्याची चाचणी घ्यायची होती. पुण्याहून निघताना साहेबांनी बजावलं होतं, "जोड तडकला तर हे डिझाइन विसरायचं." गाडीत डोळ्याला डोळा लागला नाही.

सकाळी स्टेशनबाहेर तर्री-पोहे मागवले. तर्री (हरभऱ्याचा जहाल रस्सा) घशाशी गेली, ठसका लागला आणि अर्धी प्लेट कुर्त्यावर. गाडीवरची मावशी हसली, "हळू खा ना वं बाई, कोनी पळवून नाही राहिलं!"

नागपूरजवळ कळमेश्वरला कारखान्याच्या यार्डात पोचल्यावर आधी नळ गाठला. कुर्ता धुऊन येते तो पूजा उरकलेली. फोरमन गुलाबराव म्हणाले, "मुहूर्त टळून राहिला होता मॅडम. नारळ फोडून घेतला."

कठड्याला पांढराशुभ्र चुना फासला होता, केसाएवढी भेग पडली तरी दिसावी म्हणून. जॅक आडवा टेकवला, जोड किती हलतो ते दाखवणारा काटा लावला, पंप सुरू झाला. भार चढताना जवळ जायचं नाही, म्हणून आम्ही सगळे जाळीमागे. मोबाइलच्या कॅमेऱ्यात मोठं करून बघते तर काय! नेमकी जोडावरच काळसर रेघ.

"गेला! जोड गेला!" मी ओरडले.

"काहून घाबरून राहिल्या जी? काटा पाहा ना, जोड जागचा हलला नाही," गुलाबराव म्हणाले.

काट्याचं काय घेऊन बसलात? ती मेली रेघ मला ढळढळीत दिसत होती. पूर्ण भार चढला, ठरलेला वेळ राहिला, उतरला. मी धावत जाऊन रेघेवर बोट फिरवलं. बोट ओलं, चिकट. जिभेला लावलं तर गोड!

"नारळ कठड्यावरच फोडलात की काय?"

"मंग कुठे फोडाचा? परीक्षा त्याचीच हाय ना!"

हसता हसता मला रडूच फुटलं. ओल पुसली, खाली जोड अखंड होता, एक भेग नाही. गुलाबरावांनी हातावर खोबरं ठेवलं, तेवढ्यात साहेबांचा फोन.

"काय निघालं जोडातून?"

"नारळाचं पाणी," म्हटलं.

संध्याकाळी स्टेशनकडे येताना एक पूल लागला. मोटारसायकलवर मागे बसलेली एक बाई कठड्याकडे पाठ करून लेकराला थोपटत होती. कठड्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. ते जायची वेळच येऊ नये, एवढ्यासाठीच तर हा सगळा खटाटोप. उरलेलं खोबरं गाडीत खाल्लं, आणि वर्धा यायच्या आत मला गाढ झोप लागली.