नानांचं तळं राखण मंडळ

मंडळानं काम किती केलं ते कुणालाच आठवत नाही, किस्से मात्र साठत जातात. तळ्यात गाळ साठतो तसे! गाळ निदान उपसता तरी येतो. आमच्या तळं राखण मंडळाचे किस्से मी इतकी वर्षं सांगतोय, अजून तळ लागलेला नाही.

शेवगावकडचं आमचं कोरडवाहू गाव. बहात्तरच्या दुष्काळात विहिरी आटल्या आणि महादेवाच्या देवळामागचं तळं तेवढं उरलं. माणसं तेच पाणी गाळून, उकळून पीत होती, गुरंही त्याच्यावरच जगत होती. ते संपलं असतं तर बैल दावणीचे सोडावे लागले असते आणि गावच उठलं असतं. म्हणून नानांनी मंडळ काढलं. नाना म्हणजे पन्नाशीचे शेतकरी, बैलजोडीवर पोटच्या पोरांसारखा जीव. माझं शिवणकामाचं दुकान तळ्याच्या वाटेवर, म्हणून मीटिंग माझ्या बाकड्यावर. त्यामुळं मी न विचारताच मेंबर!

नियम एकच. तळ्यात कुणी उतरायचं नाही, उतरला तर दंड. काठावरून घागर भरायची, जनावराला बाहेर पाजायचं.

*

पहिल्याच दिवशी किसनची म्हैस तळ्यात जाऊन बसली. किसन आमच्या गावातला सगळ्यात निवांत माणूस आणि म्हैस अगदी मालकावर गेलेली. नानांनी हाका मारल्या, खडे मारले. ती आपली रवंथ करतेय!

नाना भडकले. "धरा रं तिला!"

सगळं मंडळ धोतरं खोचून आत शिरलं. कुणी ढकलतंय, कुणी शिंगं ओढतंय, मी शेपटी पिळतोय. पार दमल्यावर बाई एकदाच्या बाहेर आल्या. वळून बघतो तर तळ्याचा नुसता चहा झालेला!

किसन काठावर उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "नाना, म्हस येकटीच हुती तवर पानी नितळ हुतं. आता दंड कुनाला करायचा?"

*

तेव्हा नानांनी दंड रद्दच केला. ज्याची चूक त्यानं आठवडाभर राखण करायची. पहिला नंबर किसनचा.

हा किसन इतका कडक निघेल असं कुणाला वाटलं नव्हतं. नानांचे व्याही पाहुणे म्हणून आले. नवं कोरं धोतर, पाय धुळीनं भरलेले. ते तळ्यात पाऊल टाकणार तेवढ्यात किसननं काठी आडवी घातली.

व्याही गरम झाले. "वळखलं न्हाई व्हय? म्या नानांचा व्याही हाय!"

"आवं, माज्या सोताच्या म्हशीला सोडत न्हाई मी, मग तुमाला कसं सोडू?"

व्याही चहासुद्धा न घेता परत गेले. नाना त्या दिवशी अंधार पडेपर्यंत माझ्या बाकड्यावरून उठले नाहीत.

*

मग आली कपडे धुवायची बंदी. नानांना धास्ती होती, बायका अंगावर येतील. पण नानांची बायको सावित्राकाकू सगळ्यांच्या वतीनं एवढंच म्हणाली, "बरं. न्हाई धूत."

नाना खूष! "बगा, बायांना नीट सांगितलं की पटतं."

थोड्याच दिवसांत गावातल्या समस्त पुरुषांची धोतरं आणि टोप्या तळ्यातल्या गाळाच्या रंगाच्या झाल्या. त्यातच दुष्काळी काम बघायला शेवगावहून साहेब आले. आम्ही हार घेऊन ओळीनं उभे. साहेब जीपमधून उतरले, आम्हाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "वा! मंडळाला युनिफॉर्म पण केलाय!"

नानांनी पटकन मला पुढं ढकललं. "ह्यो आमचा शिंपी. ह्येनंच शिवलाय!"

*

पुढच्या वर्षी मृग लागला तरी आभाळात ढग नाही. तळ्याचं डबकं झालं होतं. गाव जमलं आणि ठरलं, महादेवाला कोंडायचं. म्हणजे देवळाचा गाभारा पाण्यानं भरायचा, पिंड बुडवायची आणि पाऊस पडेपर्यंत देवाला तसंच ठेवायचं. जुनी रीत आहे आमच्याकडं. घरटी घागरी आणायच्या, त्याही तळ्यातूनच!

नानांचा चेहरा उतरला. हो म्हणावं तर तळं संपणार, बैल जाणार. नाही म्हणावं तर खुद्द महादेवाला नाही म्हणायचं! मला तर त्यांच्याकडं बघवेना.

नाना हळूच उठले. "पानी देवाकडं कशापायी न्यायचं? देवालाच पान्याकडं नेऊ की."

गुरव म्हणाले, "पिंड कशी हालंल, नाना?"

"पितळंचा मुकवटा हाय न्हवं!"

गावाला पटलं. हलगी वाजवत मुखवटा निघाला आणि गुरवांनी तो तळ्याच्या मधोमध, पाण्याखालच्या दगडावर बसवला.

काय सांगू तुम्हाला! दुसऱ्या दिवसापासून तळ्याच्या वाऱ्याला कुणी जनावर उभं करीना. लोक काठावर चपला काढायला लागले, हात जोडून घागर भरायला लागले. किसननं म्हैस घरीच बांधून घातली. राखणीला कुणाची गरजच उरली नाही, माझं बाकडं ओस पडलं.

शेवटी पाऊस आला. तळं भरलं, नानांचे बैल वाचले आणि नाना सगळ्यांदेखत त्यांच्या गळ्यात पडून रडले. दुसऱ्या दिवशी गुरव लंगोट लावून, पोहायच्या तयारीनं तळ्यावर आले. बघतात तर काठावर नाना काठी आडवी धरून उभे!

"आवं नाना, पाऊस पडला की! आता देवाला भाईर काढाय नगं का?"

नाना काठीसुद्धा हलवीनात.

"मागं फिरा, बुवा. मंडळात जागचा न हालता बसनारा ह्यो येकच मेंबर गावलाय मला!"