चार पन्नास

कंपनीत सगळे त्यांना पाठीमागे ‘चुळबुळे कॅप्टन’ म्हणत, आणि हे त्यांनाही ठाऊक होतं. दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ते चार वेळा दाराशी जाऊन येत. जेवताना त्यांचा पाय असा हलायचा की ग्लासातलं पाणी थरथरे. बायको म्हणायची, “अहो, तुमच्या विमानात लोक बसतात तरी कसे?”

त्या दुपारी तर त्यांना अजिबात चैन नव्हतं. लेक शिकायला परदेशी निघाली होती. त्यांचं विमान चार दहाला उतरणार, आणि त्याच विमानतळावर ती पाच वाजता तपासणीसाठी आत जाणार. म्हणजे धावतपळत का होईना, भेट होणार होती.

पोचायला पाऊण तास असताना नियंत्रकाचा आवाज आला. “एक धावपट्टी बंद झालीय. रांग मोठी आहे. तुमचा नंबर चार चाळीसला.”

कॅप्टननी लगेच वेग कमी केला. धावत जाऊन रांगेच्या शेपटाशी घिरट्या घालण्यापेक्षा उशीर वाटेतच, हळू जाऊन जिरवलेला बरा. इंधन वाचतं. हे सगळं त्यांचे हात न चुकता करत होते. पाय मात्र त्यांनी पेडलपासून मागे ओढून सीटखाली दाबून धरले होते.

“सर, घिरट्या किती वाजेपर्यंत परवडतील?” सहवैमानिक मुलीनं विचारलं. ती त्यांच्या लेकीहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल.

त्यांनी दोनदा आकडे मांडले. दुसऱ्या विमानतळापर्यंत जाण्यापुरतं इंधन, वर राखीव. “चार पन्नास. आणि हे बघ, त्यानंतर मी एक मिनिट जरी मागितलं, तरी ऐकू नकोस.”

“का हो सर?”

“माझी मुलगी खाली उभी आहे.”

मग ढगांवर अंड्याच्या आकाराची तीच ती वाट सुरू झाली. वळण, सरळ, वळण, सरळ. खाली एकावर एक रचलेली पाच विमानं. चार चव्वेचाळीसला नियंत्रक म्हणाला, “नवीन वेळ, चार अठ्ठावन्न.”

कॅप्टनची नजर घड्याळावरून इंधनाच्या आकड्यावर जाई आणि पुन्हा घड्याळावर येई. चार पन्नास व्हायला अर्धं मिनिट होतं.

“धावपट्टी आता उघडेल. अजून दोन मिनिटं बघू.”

“सर, तुम्हीच सांगितलं होतं.”

“अगं, दोनच मिनिटं!”

“नाही सर.” तिनं इंधनाच्या आकड्यावर बोट ठेवलं.

कॅप्टननी मान हलवली. “कळव त्यांना. आपण दुसरीकडे चाललोय.”

तीन मिनिटांत रेडिओवर ऐकू आलं, धावपट्टी मोकळी झाली होती. रांगेतली विमानं एकेक करून उतरायला निघाली. सहवैमानिकेनं खिडकीकडे तोंड फिरवलं.

“तपासणीची यादी वाच पुढची,” ते म्हणाले.

दुसऱ्या विमानतळावर उतरल्यावर त्यांनी प्रवाशांची माफी मागितली, त्यांची बोलणीही खाल्ली. इंधन भरलं जात असताना त्यांनी फोन लावला. लेकीचं विमानही लांबलं होतं, पण ती केव्हाच आत गेली होती.

“बाबा, पाच वाजून गेले तरी मी दारातच होते. शेवटी आई ओरडली.”

“चार्जर घेतलास?” त्यांनी विचारलं.

ती हसली, मग हसता हसता रडायला लागली. “तुम्ही कुठे अडकलात?”

“अडकलो नाही गं. वळलो,” ते म्हणाले. मग बराच वेळ दोघं बोलत राहिली, शेवटी तिकडे तिच्या विमानाची घोषणा झाली.

ते परतले तेव्हा सव्वासात झाले होते, लेकीचं विमान निघून गेलं होतं. उतरताना ते सहवैमानिकेला म्हणाले, “ऐकलं नाहीस, बरं केलंस.”

“भीती वाटली होती सर.”

“मलाही.”

बायको पार्किंगमध्ये थांबली होती. त्यांनी किल्ली घेतली आणि गाडी भरकन रस्त्यावर घातली. “हळू चालवा हो,” ती म्हणाली, “आता कुठे पोचायचंय आपल्याला?”

त्यांनी वेग कमी केला आणि गाडी डाव्या बाजूला घेतली.