सतरा नंबरचा रिप्लाय

भुतंखेतं, अंगात येणं, देवऋषी... यातल्या कशावरच माझा विश्वास कधी बसला नाही. कॉम्प्युटरच्या केबली ओढून पोट भरणारा माणूस मी. लाइन चालू असते नाहीतर बंद, मधलं काही नसतं. तरी हे लिहितोय, कारण माझ्याच डोळ्यांनी पाहिलंय.

२००२ चा उन्हाळा. कोल्हापूरजवळ गडमुडशिंगीत एका दूध संस्थेच्या ऑफिसात मी सहा कॉम्प्युटरचं नेटवर्क टाकत होतो. कोपऱ्यात स्विच, म्हणजे सगळ्या केबली जिथे जुळतात ती पेटी; तिथून प्रत्येक टेबलापर्यंत केबल. सातवी केबल माडीवरच्या रेकॉर्ड रूमपर्यंत नेऊन ठेवलेली, पण तिथला कॉम्प्युटर अजून यायचा होता. प्रत्येकाचा आयपी नंबर, म्हणजे नेटवर्कमधला पत्ता, ठरलेला – खाली अकरा ते सोळा, माडीवर सतरा.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत टेस्टिंगला बसलो. पिंग म्हणजे एका कॉम्प्युटरने दुसऱ्याला मारलेली हाक. तिकडून रिप्लाय आला की लाइन चालू. सोळापर्यंत सगळं ओके. हाताच्या ओघात सतराही टाइप झालं... आणि रिप्लाय आला! एक नाही, चार.

परस्पर कुणी मशीन जोडलं की काय? मॅनेजरना विचारलं.

“न्हाय ओ पावणं, वर कोण न्हाय. शांताक्का बी जेवायला गेल्यात.”

शांताक्का रेकॉर्ड सांभाळायच्या. नेसरीकडच्या; पहिल्या दिवसापासून मला ‘तम्मा’ म्हणायच्या – कानडीत धाकटा भाऊ.

तरीही वर जाऊन दार ढकललं. रॅकमागे अक्का जमिनीवर पडलेल्या. घामानं चिंब, ओठ हलताहेत, आवाज नाही.

माझी आरोळी ऐकून मॅनेजर धावत आले. “शुगर हाय त्यास्नी! उतरली असंल, साखर आणा कुणीतरी!”

चमच्याचमच्यानं साखरपाणी पाजलं. डॉक्टर आले, म्हणाले, “अजून थोडा वेळ गेला असता तर अवघड होतं.”

अक्का उठून बसल्यावर मी केबल बघितली. वेटोळं करून खिळ्याला टांगलेली, टोकाला कनेक्टरसुद्धा बसवलेला नाही! खाली येऊन पुन्हा पिंग केलं... ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’, म्हणजे तिकडून रिप्लायच नाही. सहाही मशीनची सेटिंग्ज उघडून पाहिली. सतरा नंबर कुणालाच दिलेला नव्हता.

पुढे अक्कांच्या घरी गेलो तेव्हा हे सगळं सांगितलं. त्या हसल्या. “कुणी बोलीवलं ते कशाला उकरतोस, तम्मा? तू आलास की! बस, जेवूनच जा.”

त्या दिवशी भरपेट जेवलो. आता वायरलेसचीही कामं करतो, बरीच पुस्तकं वाचली, जाणकारांना विचारून झालं... तो रिप्लाय कुठून आला, ते मला आजही माहीत नाही.