शांताबाईंची मशीन

एका शिलाई मशीनची खरी किंमत सांगतो, मित्रांनो. पाच वर्षं आणि दोन डोळे.

आज नातीची चोरीला गेलेली, पोलिसांना सापडलेली स्कूटर सोडवायला तिच्यासोबत कोर्टात गेलो. वकिलाने अर्ज केला आणि सुपुर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा हजर करायच्या हमीवर, गाडी परत द्यायचा हुकूम झाला. खटला चालेल तेव्हा चालेल.

मला एकदम शांताबाई दिसल्या. पंचेचाळीस वर्षांपूर्वी आम्ही एकाच चाळीत राहायचो. नवरा गेल्यावर त्या ब्लाउज शिवून घर चालवायच्या, आणि त्यांची मशीन चोरीला गेली. ती दर चौथ्या टाक्याला अडखळायची. महिन्याने कामठीच्या एका गल्लीत मी तो आवाज ओळखला आणि चोर पकडून दिला. ही बढाई मी आजवर प्रत्येक लग्नात मारली आहे.

मशीन पोलीस ठाण्यात जमा झाली. शांताबाईंनी विचारलं, "भाऊ, मले माही मशीन कवा भेटन?"

मी ऐटीत म्हणालो, "पुरावा हाय तो, वैनी. आता मागाल त केस बिघडन. थांबा."

त्या थांबल्या. कंदिलाशी वाकून हातानेच शिवत राहिल्या.

आज वकिलाला विचारलं, "असा अर्ज तेव्हा करता येत होता का?"

"येत होता की, काका. कोणी केला नसेल."

दुपारपासून तो अडखळता आवाज कानातून जात नाही. तुमच्या ओळखीत कोणाची वस्तू ठाण्यात पडून आहे का? त्यांना आजच सांगाल?

पाच वर्षांनी मशीन घरी आली, तेव्हा शांताबाईंना सुईत दोरा ओवता येत नव्हता.