पाहुण्यांचं पाणी

जगातल्या वस्तूंच्या दोनच जाती, आरपार सोडणाऱ्या आणि अडवणाऱ्या, असं मानणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असेल, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. मरोळच्या एका कारखान्यात ते हायड्रोजनपासून वीज करणाऱ्या घटांसाठी पडदे बनवायचे. पहिल्याच भेटीत मी त्यांना आमच्या हॉलच्या खिडकीचं माप दिलं आणि शक्यतो निळा द्या म्हणालो. तेव्हापासून त्यांनी मला शिकवायचा विडाच उचलला. "हे बघ, प्रोटॉन म्हणजे सोसायटीचा मेंबर, गेटातून सरळ आत. इलेक्ट्रॉनला वॉचमन सोडत नाही, तो तारेतून वळसा घालून येतो आणि वाटेत आपला पंखा फिरवतो. तो वॉचमन म्हणजे माझा पडदा. कळलं?" मी मान डोलावली. बँकेत चौतीस वर्षं मी तेवढंच केलं होतं.

चहावरची साय ते काडीने उचलून उजेडात धरत आणि तोवर चहाचं सरबत होई. माझ्या मुलीच्या लग्नात, भर पंगतीत, त्यांनी खिशातून जाडी मोजायचं यंत्र काढून पापडाला लावलं आणि विहीणबाईंना गंभीरपणे सांगितलं, "कडेला पातळ आहे, इथून गळेल." विहीणबाई अजून माझ्याशी जपून बोलतात.

तर अशा माणसाने चार वर्षं खपून एक स्वस्त पडदा केला. मंगळवारी शेठ बघायला येणार होते. पडद्याच्या विजेवर छोटा पंखा फिरला तर काम पुढे चालणार, नाही तर टेबल रिकामं. आणि नेमकं त्याच्या आदल्या आठवड्यात साडूंना गावी कुडाळला जावं लागलं, त्यात प्रयोगशाळेत रंगकामही निघालं. डब्यात भिजत ठेवलेला तो पडदा त्यांनी बोरिवलीला माझ्या घरी आणला, सोबत डिस्टिल्ड पाण्याचा कॅन. "सुकू देऊ नको. पाणी कमी झालं की हे घाल. हेच."

आता मी कॅन बघितला. हे तर गाडीच्या बॅटरीत घालतात ते पाणी! एवढ्या मोठ्या माणसाची चार वर्षांची मेहनत, आणि तिला गॅरेजचं पाणी? माझ्यातला यजमान जागा झाला. मी पाहुण्यांसाठी आणतो ती मिनरल वॉटरची बाटली फोडली, आणि चार दिवस सकाळ-संध्याकाळ, स्वतःच्या हाताने, त्या पडद्याचा पाहुणचार केला.

सोमवारी साडू आले. डबा उघडून म्हणाले, "कॅन भरलेलाच दिसतो रे." मी अभिमानाने बाटली दाखवली. ते खुर्चीत बसले. रागावले की ते मालवणीत शिरतात आणि आवाज चढवतात, त्या दिवशी मात्र अगदी हळू बोलले, "मेल्या, ह्या काय केलंस?" मग मला समजावलं, कारण समजावल्याशिवाय त्यांना रागावताही येत नाही. बाटलीतली खनिजं पडद्यात शिरून जागा धरून बसली होती, प्रोटॉनला आत पाय ठेवायला जागा नव्हती. मी म्हणालो, "शेठना मी सांगतो, चूक माझी." ते म्हणाले, "तू काही सांगू नको. तू सांगितलंस तर कारखानाच बंद होईल."

त्याच दुपारी मरोळला त्यांनी पडदा पातळ आम्लात उकळला, मग साध्या डिस्टिल्ड पाण्यात पुन्हापुन्हा. मी कॅन धरून उभा होतो, दुसरं काही धरायची मला परवानगी नव्हती. मंगळवारी पंखा आधी नुसता थरथरला, मग फिरला. साडूंनी शेठना सगळं सांगून टाकलं, "आमच्या साडूने याची वाट लावली होती, तरी उठून उभा राहिला." शेठना तेच आवडलं. लोकांच्या घरात टिकायचा तर पडद्याला असे साडू भेटणारच, म्हणाले.

काम वाढलं, आणि वाढलं म्हणून मरोळच्या त्या गाळ्यात मावेना. कारखाना गुजरातेत गेला, साडूही गेले. जाताना तो पहिला तुकडा डब्यासकट माझ्याकडे ठेवला. तिकडे रोज नवे पडदे निघतात, याचं आता कुणाला काम नाही. दर रविवारी त्यांचा फोन येतो. माझी तब्येत ते नंतर विचारतात, आधी विचारतात, "पाणी कुठलं घातलंस?"

"गॅरेजचं," मी म्हणतो.

परवा रविवारी त्यांचा फोन आला नाही. मी तीनदा डबा उघडून पाहिला. पाणी काठोकाठ होतं, तरी थोडं घातलं.